म्हातारा देणे आहे

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला एका गोष्टीचा अभिमान असायला हरकत नाही, असं मुद्रितशोधकांना वाटे. त्यांच्या हाताखालून चुकीचा मजकूर कधी बाहेर गेला नव्हता. बाकी आयुष्यात त्यांना कशाचीच खात्री नसे. दाराला कडी लावली की नाही ते तीनदा पाहत, आणि शेजाऱ्याशी काय बोलायचं ते आधी मनात जुळवून घेत, तोवर शेजारी जिना उतरून गेलेला असे. पण कागद-पेन हातात आलं की छाती दोन इंच फुगे. म्हणूनच बायकोने कपाट कसं रिकामं करणार म्हणून विचारलं, तेव्हा ते ताठ बसून म्हणाले, "एक जाहिरात लिहितो. आठवड्यात माल हलेल."

माल म्हणजे जुनी इंग्रजी भांडी. निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला होता. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या क्लबांच्या लिलावांतून त्यांनी काय काय आणलं होतं. उकडलेलं अंडं उभं ठेवायच्या चिमुकल्या वाट्या, साखरेचे चौकोन उचलायचा चिमटा, मिशा भिजू नयेत म्हणून आत काठ बसवलेला कप. भाजलेले पाव उभे करायची एक चंदेरी चौकट होती, तिच्यात बायको विजेची बिलं खोचून ठेवी. घरात मिशा कोणालाच नव्हत्या. घेताना ते 'पुढेमागे विकू' म्हणत आणि घेतल्यावर पुसत बसत, कारण विकायचं तर गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासरे, म्हणजे आप्पा, कायमचे राहायला आले. त्यांची खाट मागच्या खोलीत दोन कपाटांच्या मधे लावली होती. कूस बदलली की दोन्हीकडची चिनी माती किणकिणे, म्हणून आप्पांनी कूस बदलणंच सोडून दिलं होतं. ते पाहून बायकोने नवऱ्याला बजावलं होतं, की रविवारपर्यंत एक कपाट हललं नाही तर ती भंगारवाल्याला बोलावणार. आप्पांना या घरात उपऱ्यासारखं वाटलेलं तिला चालणार नव्हतं.

सगळ्यात आधी जाईल असा एकच नग होता, तो म्हणजे म्हातारा. हा एक टोबी जग, म्हणजे माणसाच्या आकाराचं पाणी ओतायचं भांडं. तिकोनी टोपी घालून, पोट पुढे काढून बसलेला, गालातल्या गालात हसणारा चिनी मातीचा गोरा म्हातारा. टोपीच्या टोकातून पाणी ओतायचं, आणि पाठीमागे धरायला कान, कपाला असतो तसा. तो कान पूर्वी कधी तरी तुटून पुन्हा चिकटवलेला होता. आठ वर्षं नवराबायको त्याला म्हाताराच म्हणत होते. आप्पा आल्यावर मात्र बायकोने, उगीच त्यांचा गैरसमज नको म्हणून, तो शब्द घरात बंद केला होता.

जाहिरात लिहायला मुद्रितशोधकांना अख्खी दुपार लागली. वर 'जुनी इंग्रजी भांडी' असा मथळा टाकून त्यांनी दोनदा अधोरेखित केला. खालच्या मजकुरात 'म्हातारा' हा शब्द प्रथम अवतरणचिन्हांत होता. पण अनावश्यक अवतरणचिन्हांचा त्यांना जन्मभर तिटकारा. मथळा असताना ती कशाला? त्यांनी ती खोडली, कागद इमारतीच्या फलकावर खालच्या कोपऱ्यात लावला आणि समाधानाने वर आले. तासाभरात इमारतीचे सेक्रेटरी आले, आणि टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील ही सूचना त्यांनी बरोबर मथळ्यावर चिकटवली. खाली उरलं ते असं:

घरातील जागेअभावी म्हातारा देणे आहे. बैठा, टोपीवाला, हसतमुख. कान एकदा दुरुस्त केलेला. पोट शाबूत, गळत नाही. चांगल्या घरीच देण्यात येईल. प्रत्यक्ष येऊन पाहावे. तिसरा मजला.

आता आप्पा दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसून असत, डोक्यावर लोकरी टोपी असे आणि उजव्या कानात ऐकायचं यंत्र. त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया गेल्याच वर्षी झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून इमारत मुद्रितशोधकांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. दूधवाल्याने पिशवी हातात न देता दारात ठेवली. लिफ्टमध्ये दोघं जण त्यांना पाहून बाहेर पडले आणि जिन्याने गेले. जाहिरात गाजते आहे, एवढंच मुद्रितशोधकांना कळलं. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मात्र त्यांना फलकापाशीच गाठलं.

"हे तुम्ही लिहिलंत? मनाला काहीच वाटलं नाही?"

त्यांना बरं वाटलं. जुन्या वस्तूंची कदर असणारं माणूस भेटलं होतं. "वाटतं ना. जीव अडकतो. पण मिसेसचाच आग्रह आहे."

"तिचा?"

"जागा अडते म्हणते."

 मग कोण घेणार, असं शिक्षिकाबाईंनी विचारलं. त्यावर मुद्रितशोधकांनी माहिती पुरवली, की अशांना हॉटेलवाले घेतात, दर्शनी ठेवतात, येणारेजाणारे पाहून हसतात. बाई पर्स छातीशी धरून निघून गेल्या. फार हळव्या आहेत, असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी आप्पा फेरफटका मारून आले. जेवताना त्यांनी भाकरीचा एकच तुकडा मोडला. लेक स्वयंपाकघरात गेल्यावर ते जावयाला हळूच म्हणाले, "खाली वाचलं. दुरुस्त केलेला कान चालतो का हो लोकांना?"

सासऱ्यांनी आपल्या छंदात प्रथमच रस घेतला, म्हणून जावई खुलले. "चालतो. मूळचा कान राहिलेले आता मिळतातच कुठे?"

"आणि कोणी घेतलंच नाही, तर?"

"तर काय, हिने भंगारवाल्याचं बघून ठेवलंय."

आप्पांनी मान हलवली. "तिने ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असेल," एवढं म्हणून ते झोपायला गेले. आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, पण मुद्रितशोधक तेव्हा म्हाताऱ्याला पुसत होते. पुसता पुसता त्याचा चिकटवलेला कान हातात आला.

शनिवारी सकाळी एका उपाहारगृहाच्या मालकीणबाईंचा फोन आला. इमारतीत राहणाऱ्या मेहुण्यांनी त्यांना फलकावरचा मजकूर आणि नंबर कळवला होता. बैठा, टोपीवाला, कानवाला म्हणजे काय ते बाईंना बरोबर कळलं होतं. असला एक त्यांच्या वडिलांकडे होता. त्या चारला येणार होत्या. मुद्रितशोधक कान चिकटवायला कारागिराकडे धावले. कारागीर म्हणाला, डिंक सुकल्याशिवाय हलवता येणार नाही. पंच्यात गुंडाळलेला म्हातारा छातीशी धरून ते परतले तेव्हा सव्वाचार वाजले होते. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. व्यवहार चालू असताना मधे शिरावं की नाही हे न ठरल्याने ते चपला हातात घेऊन पॅसेजमध्येच उभे राहिले.

"म्हातारा बघायला आले होते," बाई म्हणत होत्या.

"मीच तो," आप्पा म्हणाले.

बाईंना वाटलं, विकणारे हेच. "बरं झालं, भेट झाली. कुठून आणलात?"

"लेक घेऊन आली. दोन महिने झाले. तुमच्याकडे कुठे ठेवणार?"

"दारातच, खिडकीपाशी. ऊनही येतं आणि रस्ता दिसतो."

"रस्ता दिसतो?" आप्पांच्या आवाजात जरा जीव आला. "इथे कपाट दिसतं. जेवायच्या टेबलाशी नाही ना?"

"छे, तिथे धक्का लागून पडायचा."

"तोल जातो खरा. आणि अंगाची स्वच्छता?"

"मी स्वतः पुसते रोज. मऊ फडक्याने, कोमट पाण्याने. नोकरांना हात लावू देत नाही." मग बाईंनी विचारलं, "त्यातून चहा वगैरे ओतता येतो का?"

"ओतता? नाही बुवा. पितो. दिवसातून चारदा."

 बाहेर मुद्रितशोधकांचा ऊर भरून आला होता. आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं असं हे आप्पांचं बोलणं. ऊन, जागा, निगा, सगळं कसं आधीच ठरवून घेताहेत. चहाचं तेवढं त्यांना नीटसं कळलं नाही.

तेवढ्यात जिन्यावर धपाधप पावलं वाजली. बायको वर येत होती. मागे शिक्षिकाबाई. बायकोच्या हातात फलकावरून फाडलेला कागद होता, त्याला टाकीची सूचना अजून चिकटलेली.

"हे काय लिहून ठेवलंयत?"

मुद्रितशोधकांनी कागद पाहिला. मथळा नव्हता. अवतरणचिन्हं नव्हती. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी आपला मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला.  ते आत गेले आणि पंचा सोडून जग टेबलावर ठेवला. "हा म्हातारा," ते कसेबसे म्हणाले.

आप्पा नवा सदरा घालून, दाढी करून बसले होते. पायाशी बॅग. त्यांनी जगाकडे पाहिलं, टोपीकडे, पोटाकडे, कानाकडे. मग लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्यापाशी खाली बसली आणि बॅगेचा बंद धरून रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवून आप्पा म्हणाले, "अगं, मला तेवढंसं लागलं नव्हतं. हसतमुख लिहिलं होतं ना. म्हटलं, जावयाचं मत तरी बरं आहे."

मालकीणबाई जग घेऊन गेल्या. खिडकीपाशी एक खुर्चीही आहे, असं त्यांनी जाताना आप्पांना सांगितलं, आणि आता आप्पा रोज चारला तिथे चहा प्यायला जातात. भंगारवाला आला नाही. त्याच रात्री बायकोने दोन्ही कपाटं मागच्या खोलीतून हलवली आणि पुढच्या खोलीत नवऱ्याच्या कॉटच्या दोन्ही बाजूंना उभी केली. आप्पा ऐसपैस झोपतात. कूस बदलायचं मुद्रितशोधकांनी सोडून दिलं आहे.

सोमवारी फलकावर नवा कागद लागला. अक्षर आप्पांचं होतं आणि अवतरणचिन्हं कुठेही नव्हती:

घरातील जागेअभावी जावई देणे आहे. उभा, चष्मेवाला, मितभाशी. दोन्ही कान मूळचे, उपयोग कमी. कोणत्याही घरि देण्यात येईल.

मुद्रितशोधकांनी तो दोनदा वाचला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून खिशातलं लाल पेन काढलं, 'मितभाशी'चा 'मितभाषी' केला, 'घरि'ची वेलांटी दीर्घ केली, आणि पहिली ओळ झाकली जाऊ नये म्हणून कागद जरा खाली सरकवला.

आठवडा झाला. चौकशीला अजून कोणी आलेलं नाही.