पाळकबाबांची सुतळी

आमच्या बोरीचे शमुवेल पाळक कुणाच्या दुःखात भेटायला निघाले, की काखेत बायबल आणि खांद्यावर अंबाडीच्या सुतळीचं वेटोळं. नवख्या माणसाला वाटे, बाबा सुतळी विकायलाच आलेत.

घरात शिरले की माणसाच्या आधी त्याची बाज, म्हणजे सुतळीनं विणलेली खाट, बघायचे. "लय ढिली झाली हाय. उठा, आवळू." बायबल कोनाड्यात पडून राही. उपदेश नाही, स्वर्ग-नरक नाही. एकदा पाटलांनी बाज फुकटात आवळून घ्यावी म्हणून बोलावणं धाडलं. बाबांनी आधी दुःख विचारलं. पाटलांना एकही आठवेना. बाबा चहा पिऊन परत आले. मी तेव्हा निजामाच्या अमलात गावच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. बाबांना मी मनसोक्त हसायचो.

मग माझी बायको पटकीच्या साथीत गेली. महिनाभर मी बाजेवरून उठलो नाही. शाळेला जाणं बंद, दाढी वाढलेली. लोक येऊन देवाची इच्छा समजावून सांगत आणि मला त्यांचा राग येई. एके सकाळी बाबा आले आणि वाकून बाजेखाली बघायला लागले.

"उठा मास्तर. तुमी झोपल्यावर मी कशी आवळू?"

त्यांनी लवकर जावं म्हणून मी उठलो. सुतळीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. ओढता ओढता मला रडू फुटलं. "सोडू नका," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो.

पुढं पौषात दोन रविवार प्रार्थनेची घंटा वाजली नाही, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदाच. गावातले आम्ही कुणीच कधी गेलो नव्हतो. तेच आमच्याकडे यायचे. एक खोली. सुतळी खुंटीला. बाबा पडून होते, ताप नव्हता. बाजेची पार झोळी झालेली, पाठ जमिनीला टेकत होती.

"कधीपासून अशी आहे?" मी विचारलं.

"बायको गेली तवापासून. बारा वरसं." ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "दुसरं टोक धरायला कोन हाय?"

मला फार लाज वाटली. मी सुतळी खाली काढली.

"उठा बाबा," मी म्हणालो, "तुमी झोपल्यावर मी कशी आवळू?"

उठायला त्यांनी बराच वेळ लावला. मी टोक धरून उभा राहिलो.