सुतक कोणाकोणाक?

घाडीकाकांना कुणी गेल्याची बातमी सांगितली की ते 'अरेरे' म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "सुतक कोणाकोणाक?"

पहिल्यांदा ऐकणारा माणूस गडबडतो. गेलेल्याचं वय, आजार, डॉक्टरांनी घातलेला घोळ हे सगळं सांगायची त्याची तयारी असते, या प्रश्नाची नसते. काकांना आजारात रस नाही. नात्यागोत्याचा शोध हे त्यांचं व्यसन आहे आणि त्या शोधात त्यांचा एकाच पुराव्यावर विश्वास आहे. "माणूस थापा मारता," ते म्हणतात, "सुतक मारीत नाय."

विक्रोळीच्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात. इथल्याच एका कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं, त्यामुळे खोट काढायची सवय पक्की. लग्न केलं नाही. स्थळांची मुळं खणता खणता वय निघून गेलं, असं स्वतःच सांगतात. जन्म मुंबईतला, पण जीभ अजून मालवणातून निघालेली नाही.

लिफ्टमध्ये नवा माणूस दिसला की त्याची सुटका नसते. गाव खंयचा? कुलदैवत? लग्नात देवक कसला? चौथा मजला येईपर्यंत "मगे तू माझो भाचो लागतस" असा निकाल लागलेला असतो. एकदा एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी साडू ठरवलं. लग्नच न झालेल्या माणसाला साडू कुठून आला, असं मी विचारलं. काका म्हणाले, "लांबचो."

त्यांची सगळ्यात गाजलेली केस दुसऱ्या मजल्यावरच्या परबांची. एका वर्षी परबांनी गणपती आणला नाही. आईचं गुडघ्याचं दुखणं आहे, असं सांगितलं. सगळ्यांना पटलं. काकांना पटलं नाही.

"ढोपर दुखतां म्हणान कोण गणपती सोडता काय रे?"

मग त्यांनी परबावर पाळत ठेवली. परब दाढी करत नव्हता. देवळापर्यंत जाऊन बाहेरूनच वळत होता. पेढा पुढे केला तर 'शुगर' म्हणाला आणि संध्याकाळी टपरीवर गोड चहा पिताना सापडला. म्हणजे सुतक. पण परबांच्या भावकीत कुणी गेलेलं नव्हतं, याची काकांना परबांपेक्षा जास्त खात्री होती. ते परबांच्या गावच्या मंडळाच्या सभेला आगंतुक म्हणून जाऊन बसले, तेही सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या शेजारी. दोन बुंदीच्या लाडवांत सगळं बाहेर आलं. परबांच्या आजोबांचं घाटकोपरला दुसरं घर होतं आणि त्या घरातला थोरला मुलगा नुकताच गेला होता. दोन पिढ्या ही गोष्ट परबांनी लोकांपासून लपवली होती. गणपतीपासून लपवायची मात्र परबांच्या आईची छाती झाली नाही.

काकांनी हे कुठे सांगावं? पाण्याच्या टाकीसाठी बोलावलेल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. महिनाभर परबांच्या घराची वाट लागली होती. पुढे परबांनी लाज सोडून घाटकोपरला फोन केला आणि आता ती दोन्ही घरं एकमेकांच्या बारशाला जातात. काकांशी मात्र दोन्हीकडचं कुणी बोलत नाही.

असा हा माणूस. मनात काही राहत नाही आणि सत्य सांगताना समोरच्याचं तोंड बघायची पद्धत नाही. त्यामुळे लीलाबाईंनी त्यांच्याकडे काम सोपवलं तेव्हा मला धसका बसला.

लीलाबाईंचं लग्न झालेलं नव्हतं, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. तिथेच त्यांची बालवाडी होती. आमच्या इमारतीतली निम्मी पोरं त्यांच्या हातून 'अ' काढायला शिकली, त्यात माझी दोन्ही. एका दुपारी पायऱ्यांवर त्यांनी काकांना अडवलं. मी भाजी घेऊन मागेच होतो.

"अहो घाडी, सगळ्यांचं शोधता, माझंही बघा ना."

बाई लहानपणापासून पार्ल्याच्या एका घरात वाढल्या. तान्ही बाळं सांभाळायला त्यांना कुणीतरी आणून ठेवलं होतं. पण लाड झाले, शाळेत घातलं, घरच्या बाईला त्या आईच म्हणत. ती आई गेली तेव्हा बाई कोपऱ्यात बसून रडत होत्या. घरातल्या थोरल्यांनी त्यांना हाक मारली आणि सांगितलं, "आम्हाला सुतक आहे. देवाजवळ दिवा तू लाव. तुला नाही."

"दहा दिवस पूजा मीच केली," बाई म्हणाल्या. "तेव्हा कळलं, मी त्यांची नाही म्हणून. मी गेले की कुणाला तरी सुतक असावं हो. एवढंच पाहिजे." आणि हसल्या. हसत सांगितलं म्हणूनच ते ऐकवेना.

काकांनी नेहमीप्रमाणे गाव, कुलदैवत विचारलं. बाईंना काहीच माहीत नव्हतं. मग काका रोज खाली जाऊन बालवाडीच्या दाराशी बसायला लागले. पोरांना वाटलं, म्हाताऱ्यालाही शाळेत घातलंय. एक दिवस ते धापा टाकत माझ्याकडे आले. बाई पोरांना म्हणाल्या होत्या, "खळ्यात खेळा." पार्ल्यात वाढलेली बाई अंगण म्हणेल. खळं म्हणणारी बाई पार्ल्याला येण्याआधी कुठल्या दारात रांगली, हे काकांना नकाशा न बघता कळलं. पार्ल्याच्या घरातल्या म्हाताऱ्या सुनेकडून एका गावाचं नाव मिळालं, त्या गावातून एक आडनाव, आणि ते घराणं आता दिंडोशीला असल्याचा पत्ता.

दिंडोशीला मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. तिथे बाईंच्या सख्ख्या भावाचा मुलगा भेटला. सरबत दिलं. माणूस वाईट नव्हता.

"हो, आजीच्या वेळी एक मुलगी पार्ल्याला दिली होती, असं ऐकलंय," तो म्हणाला. "पण आता कशाला उकरायचं ते? नातं मानलं की सुतक आलं. त्यांचं वय झालंय ना. ऐन गणपतीत काही झालं तर? आमचा गणपती आजवर कधी चुकलेला नाही, काका."

मला वाटलं, आता काका भडकणार. ते सरबत न पिता उठले.

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले, मीही गेलो. खरं तर बाईंना सावरायला म्हणून गेलो. काका दारातूनच म्हणाले, "बाई, मूळ गावला! तू आमच्यातली. माझ्या चुलत आज्याची नात. घाडी तू!"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा पकडणाऱ्या माणसाने ही थाप डोळ्याची पापणी न लववता मारली. तोवर बाईंना ते अहोजाहो करायचे. त्या क्षणापासून अगं-तुगं सुरू झालं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग पदराने तोंड झाकून मोठ्याने रडल्या.

पुढची काही वर्षं काकांचे हाल झाले. भावाचा संसार मार्गी लावायचा बाईंनी विडा उचलला. मळका सदरा, जास्तीचं मीठ, दुपारची झोप, सगळ्यावर बंदी आली. "बहीण गावली, पण जीव घेतल्यान," असं ते मला सांगायचे, आणि भाऊबीजेला नवा सदरा घालून खाली जायचे. आजारपणात हॉस्पिटलच्या नर्सला बाई दर वेळी नव्याने सांगायच्या, "हा माझा भाऊ. घाडी."

बाई गेल्या त्या गणपतीच्या तोंडावर. काकांचं मखर अर्धं रंगून झालं होतं, मूर्ती ठरली होती. काकांचा गणपती म्हणजे इमारतीचा उत्सव असतो. वर्षभर ते त्या दिवसांवर जगतात. त्यांनी बाईंना अग्नी दिला, घरी येऊन मखर गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि मूर्तीवाल्याला फोन करून नाही सांगितलं.

सेक्रेटरी समजूत घालायला आले. "काका, लांबची बहीण. तीन दिवसांत सुटतं की."

"धा," काका म्हणाले आणि दार लावून घेतलं.

चतुर्थीला माझ्याकडे गणपती बसला. मंत्रपुष्पांजली दर वर्षी काकांच्या आवाजात व्हायची, यंदा माझ्या आवाजात झाली आणि दोन ठिकाणी अडली. समोरचं दार बंद होतं. आत दिवाही नव्हता. दिंडोशीला मात्र त्या दिवशी गणपती वेळेवर बसला असणार.

दहाव्या दिवशी काका क्रियाकर्म उरकून, डोकं भादरून आले. मी चहा घेऊन गेलो. ते खिडकीपाशी जमिनीवर बसले होते. इतके लहान ते मला कधी दिसले नव्हते. मला त्यांची माया आली आणि तेवढाच रागही आला. एका खोट्या नात्यापायी या म्हाताऱ्याने आपला वर्षाचा आनंद घालवला होता.

"काका," मी म्हणालो, "दिंडोशीला मी होतो. मला माहीत आहे. ते नातं खोटं होतं ना?"

काकांनी चहाचा घोट घेतला. भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"धा दिवस पाळलंय रे," ते म्हणाले. "आता खोटां काय ऱ्हवलां त्यात?"