नोंदीप्रमाणे अडाणी

थूल गुरुजी रोज संध्याकाळी सहाला पाच कमी असताना आमच्या शाळेत येतात. चपला दाराबाहेर टाचेला टाच लावून ठेवतात, दुसऱ्या बाकावर बसतात, दप्तरातून पाटी काढतात आणि हजेरीत नाव आलं की उभं राहून म्हणतात, "हजर, बाई." वय चौऱ्याहत्तर. निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या निम्म्या गावाला याच माणसाने बाराखडी शिकवली, आणि उरलेल्या निम्म्याला शिकवण्याचा प्रयत्न केला. सरकारच्या नोंदीत मात्र ते निरक्षर आहेत.

ही नोंद मी केली.

आपलं पाप आधीच सांगून टाकलेलं बरं. मी त्या शाळेत मास्तर आहे. आंजीच्या पुढे, डांबर संपतं तिथे आमचं गाव. प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम आला तेव्हा गावातले निरक्षर शोधणं, त्यांना शिकवायला स्वयंसेवक मिळवणं आणि दोघांची जोडी मोबाईलवर नोंदवणं हे काम माझ्या गळ्यात पडलं. गावात रेंज मिळते फक्त पाण्याच्या टाकीच्या सोळाव्या पायरीवर. तिथे एक हात शिडीला आणि एक हात मोबाईलला लावून मी नोंदी करत होतो. वरच्या रकान्यात शिकणारा, खालच्या रकान्यात शिकवणारा. शेवटची जोडी राहिली होती: शिकणारी अंजनाबाई, कापूस वेचायला जाणारी, शिकवणारे थूल गुरुजी. तेवढ्यात बायकोचा फोन आला, "येतांना सांभार आना, अन् शिळा आनू नका." मी "हो" म्हणालो आणि त्याच अंगठ्याने बटण दाबलं. खाली उतरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतला, तोही शिळाच निघाला. घरी जाऊन पाहतो तर थूल गुरुजी वरच्या रकान्यात आणि अंजनाबाई खालच्या.

वर्ध्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी शांतपणे सांगितलं, "दुरुस्ती वरून होते."

"वरून म्हणजे कुठून?"

त्यांनी पेनाने छताकडे दाखवलं. छताला पंखा होता आणि तोही बंद होता.

आता हे गुरुजींना सांगणं आलं. गुरुजींची नोंदींवर किती भक्ती आहे ते ठाऊक असल्यामुळे मी दोन दिवस त्यांच्या घरावरून जाणंच टाळलं. गुरुजी एकटे राहतात. मुलगा पुण्यात, बायको वारून बरीच वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि सही. एकदा मिठाच्या डब्यावर त्यांनी चुकून 'साखर' लिहिलं. तुम्ही-आम्ही चिठ्ठी बदलली असती. गुरुजींनी मीठ काढलं आणि त्या डब्यात साखर भरली. मी विचारलं तर म्हणाले, "नोंद चुकली तं वस्तू हालवाची, मास्तर. नोंद नाई हालवाची."

खाडाखोडीचा त्यांना भयंकर राग. खोडायचंच असेल तर त्यांचा नियम ठरलेला: लाल पेनाने एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि शेरा. गावातल्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाची पदवी चुकीची छापली होती. गुरुजींनी तिच्यावर रेघ मारून, सही करून, 'पडताळणीअंती खोटे आढळले' असा शेरा मारून पत्रिका परत पाठवली आणि लग्नाला वेळेवर जाऊन जेवून आले. जेवणानंतर नवरीच्या बापाला एक कागदही दिला: वडाभात: निकषात बसतो; वरण: सुधारणेस वाव; पाणी वाढणारा: नेमणूकच चुकीची.

अशा माणसापुढे मी उभा राहिलो आणि सांगितलं की सरकारदरबारी तुम्ही अडाणी झाला आहात.

गुरुजींनी चष्मा लावून माझा मोबाईल वाचला. "नोंद कोनाची?"

"माझी."

"खाली नाव कोनाचं?"

"माझंच."

"मंग झालं तं. नोंद म्हंजे नोंद." त्यांनी उठून कोनाड्यातली जुनी पाटी काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली. त्या दिवसापासून गुरुजी अडाणी झाले. मिठाच्या जागी साखर.

अंजनाबाईंनी मात्र ही गोष्ट इतकी सहज घेतली नाही. साठी ओलांडलेली बाई. माहेर-सासर दोन्ही याच गावात. शाळेच्या दारात उभं राहून मला म्हणाल्या, "मास्तर, मले शिकवाचं नाई, मले पेपर द्याचा हाय. पोरायच्या पेपराले डबे घेऊन गेली, नातवायच्या पेपराले गेली. सारं आयुष्य शायेच्या भाईर उभी राहून काढलं. एक डाव मले आत बसून पेपर लिवू द्या. यादीत माह्यं नाव पायजे."

"दुरुस्ती होते बाई, अर्ज टाकलाय," मी म्हणालो. मार्चमधल्या एका रविवारी परीक्षा होती. तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. चार महिन्यांत पंखासुद्धा सुरू झाला असता, असं मला वाटलं.

मग वर्ग सुरू झाला; बाकीच्या जोड्यांतल्या सहा शिकणाऱ्या बायाही त्यातच येऊन बसल्या. तुम्ही म्हणाल, निरक्षर बाई शिकवणार कशी आणि मुख्याध्यापक शिकणार काय? ते गुरुजींनी बघितलं. कार्यक्रमाच्या गुणवत्ता-निकषांची पुस्तिका मी दाराला टेकण म्हणून लावली होती. गुरुजींनी ती मुखोद्गत केली. वेळ शिकणाऱ्याच्या सोयीची हवी, म्हणून वेचणीहून बाया परत आल्यावर सहाची. उजेड पुरेसा हवा, म्हणून घरचा बल्ब काढून शाळेत लावला आणि स्वतः घरी कंदिलाच्या उजेडात जेवले. प्रौढांना त्यांच्या रोजच्या वस्तूंतून शिकवावं, म्हणून बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या आणि एसटीच्या पाट्यांची नक्कल. प्रौढांना कधीही कमीपणा वाटू देऊ नये, हा निकष क्रमांक सात. तो त्यांनी अशा पद्धतीने पाळला की मी अजून थक्क आहे.

गुरुजी उठून फळ्याजवळ जात आणि धडधडीत चुकीचं लिहीत. 'वर्धा' लिहिताना रफार विसरत. बावीस आणि सात म्हणजे पस्तीस करत. मग डोकं खाजवत, "बाई, हे बराबर हाय का जी?"

सुरुवातीला अंजनाबाई गप्प राहायच्या. आठव्या दिवशी उठल्या, बोटाने पस्तीस पुसलं आणि म्हणाल्या, "काऊन जी गुरुजी, बावीस किलो कापूस अन् सात किलो कापूस मिळून पस्तीस? असा काटा माह्यावाल्या मालकाचा राहे." बाकीच्या सहा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजी ओशाळून जागेवर बसले आणि पाटीवर दहा वेळा एकोणतीस लिहिलं. त्यानंतर रोज चूक पकडायची चढाओढ लागली. गुरुजींची चूक पकडायची म्हणजे आधी बरोबर काय ते शिकणं आलं. जानेवारीपर्यंत त्या बायांनी गुरुजींना इतकं सुधारलं की गुरुजींना नवीन चुका शोधायला रात्री अभ्यास करावा लागे.

फेब्रुवारीत वर्ध्याहून तपासणीला साहेब आले. मी इतका घाबरलो की स्वागताचा नारळ त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी त्यांच्याच गाडीच्या चाकाखाली ठेवला. साहेबांनी दुसऱ्या बाकावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, शिक्षण किती?"

"शून्य, साहेब," गुरुजी उभे राहून म्हणाले. "तशी नोंद हाय."

"काही लिहून दाखवता?"

गुरुजींची पंचाईत झाली. खोटं अक्षर काढणं म्हणजे कागदावर खोटी नोंद करणं आणि खरं काढणं म्हणजे मला अडकवणं. त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ लिहिली: 'बाई चांगल्या शिकवतात.' साहेब त्या ओळीकडे बघतच राहिले. तीन महिन्यांत शून्यातून हे अक्षर. त्यांनी अंजनाबाईंना नमस्कार केला आणि अहवालात लिहिलं की येथील अध्यापनपद्धती जिल्ह्याने अनुकरण करण्याजोगी आहे.

इथेच आमचं वाटोळं झालं. माझा अर्ज वरून खाली यायला निघाला होता, तो या अहवालामुळे पुन्हा वर गेला. बाबूंनी सांगितलं, "एवढ्या चांगल्या शिक्षिकेला निरक्षर कसं करायचं? ती निरक्षर असल्याचा पुरावा जोडा."

"कसला पुरावा?"

"शाळा सोडल्याचा दाखला."

"शाळेत गेलीच नसेल तर?"

"मग शाळेत न गेल्याचा दाखला."

मी अंजनाबाईंना विचारलं, "बाई, कधी शाळेत गेल्या होत्या का?"

"गेलती थोडे दिस," त्या म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

मग मी मुलांची नावं घातल्या-काढल्याची नोंद असलेलं शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर काढलं. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, मधलं शाबूत होतं. अंजना, पुढे बापाचं नाव, वय आठ. त्या नावावर लाल शाईची एकच आडवी रेघ. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी शेरा: 'सतत गैरहजर. नाव कमी.' आणि सही. ती सही मी ओळखत होतो. गुरुजींच्या घरच्या साखरेच्या डब्यावर तीच आहे.

माझ्यासारख्या आगाऊ माणसाने काय करावं? रजिस्टर उचललं आणि थेट गुरुजींच्या ओट्यावर नेलं. गुरुजींनी पान बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

"एकवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पहिलीच नेमणूक. ते पोरगी लहान भावाले कडेवर घेऊन येत जाय. मी म्हनलं, त्याले घरी ठेवून ये, त्याचं पटावर नाव नाई. घरी ठेवाले घरी कोनी नोतं, मायबाप वावरात. मंग ते दारात उभी राहून आयके. रोज. पंधरा-वीस दिस."

"म्हणजे रोज येत होती ती?"

"दारातली हजेरी धरत नाई, मास्तर," गुरुजी म्हणाले. "निकषात बसत नाई."

मी रजिस्टर काखेत मारून निघालो आणि त्यांच्या टाचेला टाच लावलेल्या चपला घालून घरी आलो. माझ्या तिथेच राहिल्या.

परीक्षेचा रविवार उजाडला तरी वरून काही आलं नाही. उत्तरपत्रिका आल्या त्या नावं छापूनच आल्या. यादीत थूल श्रावण होते, अंजनाबाई नव्हत्या. गुरुजी पांढरा सदरा, दोन पेनं आणि पट्टी घेऊन साडेनऊलाच हजर. बाकीच्या सहा बाया बाकांवर बसल्या. अंजनाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी यादी दाखवली. त्यांनी ती स्वतः वाचली, बोट फिरवत, वरून खाली आणि मग खालून वर. मग दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. हातात सगळ्या बायांच्या डब्यांची पिशवी.

दहा वाजता मी कागद वाटले. गुरुजींनी पहिल्या पानावरचं आपलं छापील नाव वाचलं. दाराकडे बघितलं. पुन्हा नाव वाचलं. मला वाटलं, आता निकष निघतो बाहेर.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पट्टी ठेवली आणि आपल्या नावावर एकच आडवी रेघ मारली. शेजारी सही केली. शेऱ्याच्या जागी लिहिलं: 'सतत गैरहजर. नाव कमी.' मग उठून दारात गेले आणि पिशवीला हात घातला.

"डबे मायाजवळ द्या, बाई. आत जा."

"नोंद हाय ना गुरुजी तुमची," अंजनाबाई म्हणाल्या.

"नोंद हालवली."

पर्यवेक्षक मी होतो. मी काय केलं? खिडकीतून बाहेर पाण्याच्या टाकीकडे एकटक बघत उभा राहिलो. माझ्या नोकरीतलं एवढं बिनचूक काम दुसरं नाही. अंजनाबाईंनी त्या रेघेच्या वरच्या मोकळ्या जागेत आपलं नाव लिहायला घेतलं. त्याला बराच वेळ लागला. गुरुजी तीन तास दारात उभे होते, पिशवी पोटाशी धरून. मी खुर्ची दिली तर बसले नाहीत.

त्या उत्तरपत्रिकेचं वर्ध्यात काय झालं, अजून कळलेलं नाही. वरच्यांनी विचारलं तर सांगेन, माझ्याच अंगठ्याची चूक. लोकांना पटेलही.

सोमवारी संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. परीक्षा झाली, आता कोण येतंय? पण सहाला पाच कमी असताना टाचेला टाच लावून चपला आल्या. माझ्या चपला, कारण बदलाबदली दोघांनीही मनावर घेतली नव्हती. गुरुजी आत आले, पण बाकावर बसले नाहीत. भिंतीशी उभे राहिले.

अंजनाबाईंनी हजेरी घ्यायला वही उघडली. सहा नावं झाली. मग सातवं घेतलं, "थूल श्रावण."

गुरुजी भिंतीशीच उभे.

"थूल श्रावण."

"नाव काटलं ना, बाई," गुरुजी हळूच म्हणाले.

अंजनाबाईंनी वही त्यांच्याकडे वळवून दाखवली. "तुमी काटलं असंन. मी नाई काटलं." आणि पेन उचलून वाट बघत बसल्या.

गुरुजी भिंतीपासून निघून दुसऱ्या बाकाजवळ आले. टोपी सारखी केली.

"हजर, बाई."