ऑरिनच्या गोधडीची समाधानकारक प्रगती

माणसाला जे काम जमेनासे होते त्याचे तो शास्त्र बनवतो, आणि जे मुळीच जमेनासे होते त्यासाठी समिती नेमतो. संस्कृतीची वाटचाल ती हीच. ज्या काळी लोक थंडी वाजली की शेकोटी पेटवत, त्या काळाला आपण अप्रगत म्हणतो. ज्या काळी ते शेकोटीच्या नियोजनाविषयी व्याख्यान ऐकत कुडकुडतात, त्या काळात जन्म घेण्याचे भाग्य आपल्याला लाभले आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील आमच्या लिंडेल गावी लूथरन चर्चच्या तळघरात दर महिन्याला हौशी गोधडीकारांचे मंडळ भरते. सदस्यसंख्या छत्तीस. प्रेरणा व सुव्यवस्था उपसमिती स्थापन होण्यापूर्वी हे मंडळ शोचनीय अवस्थेत होते. बायका येत, कापड कापत, शेजारणीची निंदा करत तुकड्याला तुकडा जोडत, आणि गोधडी पुरी झाली की ती कोणाच्या तरी अंगावर घालून मोकळ्या होत. कामाचा आराखडा नसे. उद्दिष्टांचे टप्पे नसत. प्रेरणेचा तर कोणी विचारच केला नव्हता. 'थंडी पडते' एवढ्या तुटपुंज्या कारणावर चार पिढ्यांनी निभावून नेले होते.

ही उणीव भरून काढली श्रीमती शार्मेन ड्यूफेक यांनी. त्या पूर्वी राजधानीतल्या एका विमा कचेरीत कर्मचाऱ्यांना प्रेरित करत असत (ती कचेरी पुढे बंद पडली, कर्मचारी अखेरपर्यंत प्रेरित होते). शार्मेनबाईंचा मूलभूत सिद्धांत असा की गोधडी अपुरी राहते ती आळसामुळे नव्हे, तर अव्यवस्थेमुळे. म्हणून सुव्यवस्था पूर्ण होईपर्यंत शिवणास हात लावणे हा धोका आहे. या सिद्धांताच्या तर्कशुद्धतेबद्दल शंका घेता येत नाही. सुव्यवस्था कधीच पूर्ण होत नसल्यामुळे तो खोटा ठरण्याचा संभवही नाही.

फळ तत्काळ दिसले. उपसमितीच्या आदल्या वर्षी मंडळात त्रेसष्ट गोधड्या पुऱ्या झाल्या होत्या. उपसमितीच्या पहिल्या वर्षी चार झाल्या. त्यांतल्या तीन एका अशा सदस्येने केल्या जिला पाय मोडल्यामुळे बैठकांना येता आले नव्हते, आणि चौथी विकत आणलेली निघाली. मात्र त्याच वर्षी सदस्यांतील 'आपण योग्य मार्गावर आहोत' या भावनेचे प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांवर गेले (उरलेले तीन टक्के म्हणजे एक सदस्या, तिला प्रश्नावली कोणत्या डब्यात ठेवली ते सापडले नाही).

या पद्धतीची सर्वांत निष्ठावान अनुयायी म्हणजे अर्डिथ. शाळेच्या कार्यालयात उभी हयात घालवलेली, स्वभावाने प्रेमळ, शब्दाला जागणारी बाई. हे विशेषण मी विचारपूर्वक वापरतो आहे. तिने दिलेला कोणताही शब्द ती कधी विसरत नसे.

तिचा थोरला भाऊ ऑरिन. त्याने जन्मभर डुकरे पाळली आणि म्हातारपणी त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा तो डायलिसिसच्या खुर्चीत तासन्‌तास पडून असे, आणि त्याला तिथे नेण्याआणण्याचे काम अर्डिथ न चुकता करी. त्या खोल्या गार असतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. एक हात नळ्यांसाठी उघडा ठेवावा लागतो, म्हणून जाड कोट चालत नाही. केंद्राकडून मिळते ती चादर बहुधा प्रतीकात्मक असते.

"अर्डी," एकदा तो म्हणाला, "हे मशीन माझं रक्त बाहेर फिरायला नेतं आणि गार करून परत आणतं. मांडीवर टाकायला एक गोधडी शिवून दे की."

"देते ना. त्यात काय मोठंसं. रंग कोणता हवा?"

"गरम."

मांडीवरची गोधडी ही लहान गोष्ट. जुन्या अडाणी पद्धतीने ती शनिवारी कापायला घेतली तर रविवारी प्रार्थनेनंतर अस्तर लावून होते. पण अर्डिथचे भावावर प्रेम होते. त्याच्यासाठी तिला घाईघाईत काही करायचे नव्हते. तिने पद्धत लावली.

पहिला टप्पा साठ्याचे वर्गीकरण. तिच्या मागच्या खोलीत सोळा खोकी कापड होते. ते रंगचक्राप्रमाणे लावून, घड्या सारख्या मापाच्या करून, पारदर्शक डब्यांत भरून, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवणे यात वसंत ऋतू गेला. शार्मेनबाईंच्या तिसऱ्या परिपत्रकानुसार प्रत्येक टप्प्याअखेर स्वतःला लहानसे बक्षीस द्यायचे असते. गोधडीकाराला आनंद देणारे बक्षीस एकच, ते म्हणजे नवे कापड. नवे कापड आले की वर्गीकरण अपुरे पडते. अपुरे वर्गीकरण पुरे केले की टप्पा गाठल्याचे बक्षीस. अशा रीतीने अर्डिथ एकाच टप्प्यावर सहा वेळा यशस्वी झाली, आणि सोळा खोक्यांचे अठ्ठावीस डबे झाले.

दुसरा टप्पा दृश्यांकन. पुऱ्या झालेल्या गोधडीचे चित्र समोर टांगल्याने मनाला ओढ लागते, असे शास्त्र आहे. अर्डिथने लाल, नारिंगी आणि हळदी रंगांतले एक सुरेख चित्र काढले आणि एक प्रत ऑरिनलाही दिली, त्याचा धीर टिकावा म्हणून. त्याने ती खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवर पसरली.

"छान आहे," तो म्हणाला. "जरा पातळ वाटते."

"चेष्टा करू नकोस. नियोजन ऐंशी टक्के झालंय."

"मग ऐंशी टक्के आण. गुडघ्यापर्यंत पुरेल."

"अरे, ते असं नसतं. आधी सगळं लागतं, मग शिवायचं. मध्येच शिवायला बसले तर सगळा घोळ होईल."

"तुझ्या घरात अठ्ठावीस डबे कापड आहे, अर्डी. त्यातला एक इथं आण आणि माझ्या अंगावर ओत."

पलीकडच्या खुर्चीतला माणूस हसला. अर्डिथही हसली. भावाची विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून तिला बरे वाटले, आणि त्या भरात तिने परतीच्या वाटेवर पाव वार केशरी कापड घेतले.

ऑरिनची मुलगी रेने जवळच्याच गावी शिक्षिका आहे. ती व्यवहारी आहे, म्हणजे प्रेरणेच्या बाबतीत मागासलेली. शरद ऋतूत ती आत्याकडे आली.

"आत्या, मी बाबांसाठी दुकानातून एक ब्लँकेट घेऊन टाकते. तुझी गोधडी होईपर्यंत."

"दुकानातलं?" अर्डिथने हातातली घडी खाली ठेवली. "मी बसलेय ना इथं, त्याच्यासाठीच हे सगळं मांडून?"

"अगं, तसं नाही..."

"घे बाई, घे. मग मी कशाला शिवू? तुझं ब्लँकेट पांघरेल तो."

रेनेने ब्लँकेट घेतले नाही. ऑरिनने तिला तसे सांगितलेही: "राहू दे. तिचं मन मोडेल." हा मुद्दा अभ्यासकांकडून दुर्लक्षित राहिला आहे म्हणून येथे नोंदवतो. हाताने शिवलेल्या गोधडीच्या वचनात पुऱ्या झालेल्या गोधडीपेक्षा अधिक सामर्थ्य असते. गोधडी एका माणसाला एका थंडीपासून वाचवते. वचन त्याला इतर सर्व पांघरुणांपासून वाचवते.

हिवाळा लागला आणि ठरवलेली मुदत उलटली. अशा प्रसंगासाठी सातवे परिपत्रक आहे. त्या महिन्याच्या बैठकीत शार्मेनबाईंनी त्याचे विवेचन केले.

"बायांनो, मुदत चुकली म्हणून स्वतःला बोल लावता ना? नका लावू. आरशासमोर उभ्या राहा आणि मोठ्यानं म्हणा, 'मी तुला माफ केलं.'"

"मी काल म्हटलं," अर्डिथ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मग? हलकं वाटलं की नाही?"

"खूप."

टाळ्या झाल्या. पुदिन्याच्या मलईचे थर दिलेल्या वड्या वाटण्यात आल्या. (मुदत ज्याच्यासाठी होती त्याच्या क्षमेची या विधीत आवश्यकता नसते. प्राचीन धर्मशास्त्रांनी येथेच चूक केली होती. त्यांनी पापक्षालनाची गाडी ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारापर्यंत नेऊन ठेवली, आणि त्यामुळे कित्येक सज्जन जन्मभर अस्वस्थ राहिले. आधुनिक पद्धतीत अपराधी, न्यायाधीश आणि आरसा एकाच खोलीत असतात.)

फेब्रुवारीत, बाहेर वारा बर्फ रस्त्यावर आडवा लोटत असताना, ऑरिन झोपेत हृदय थांबून गेला. वैद्यकीयदृष्ट्या थंडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असे अर्डिथने अंत्ययात्रेला आलेल्या प्रत्येकाला सांगितले. कोणी विचारले नव्हते.

अंत्यविधीनंतरच्या जेवणासाठी चर्चच्या तळघरात हॅमच्या पावांची आणि भाजलेल्या बटाट्यांच्या पातेल्यांची रांग लागली होती. कोणत्याही सामान्य मंडळात हा प्रकल्प तेथेच संपला असता. पद्धतीचे श्रेष्ठत्व अशाच वेळी कळते. शार्मेनबाईंनी अर्डिथचा हात हातात घेतला.

"रडू नकोस गं. काही वाया गेलेलं नाही. आता ती स्मृतिगोधडी करायची."

आमच्याकडे ही रीत जुनी आहे. गेलेल्या माणसाचे शर्ट कापून त्यांची गोधडी शिवतात आणि ती त्याच्या लेकराला देतात. भेटीच्या गोधडीपेक्षा स्मृतिगोधडीचा दर्जा सर्व दृष्टींनी वरचा. तिला मुदत नसते. जिच्यासाठी ती करायची तिला तगादा लावणे अशोभनीय वाटते. ज्याच्या नावाने करायची त्याला थंडी वाजत नाही. शिवाय नवे कापड फुकट मिळते, तेही एकाच माणसाच्या आवडीचे असल्यामुळे रंगसंगती आधीच जमलेली. ऑरिनच्या मृत्यूने अर्डिथच्या प्रेरणेत जी वाढ झाली तशी त्याच्या जगण्याने कधी झाली नव्हती, असे म्हणणे कठोर वाटेल; परंतु उपसमितीच्या आलेखात ती रेषा स्पष्ट दिसते.

रेनेने बापाचे सगळे फ्लॅनेलचे शर्ट आत्याच्या स्वाधीन केले. तिने ते धुतले नव्हते, नीट घडीही घातली नव्हती. एका पिशवीत घालून, पिशवीचे तोंड घट्ट बांधून आणले होते. व्यवहारी माणसांचे काम असेच असते.

एप्रिलमध्ये ती परत आली.

"आत्या, त्यातला एक शर्ट मला ठेवायला देशील? तो मातकट हिरवा, कोपरावर ठिगळ होतं बघ."

"कशाला गं? गोधडीत येणारच आहे तो."

"नुसता कपाटात ठेवीन. त्याला अजून बाबांचा वास येतो. डुकरांचा आणि त्या खोकल्याच्या गोळ्यांचा. मी पिशवी म्हणूनच बांधून आणली होती, वास उडू नये म्हणून."

"वास?" अर्डिथ कौतुकाने हसली. "वेडी गं वेडी. दोनदा धुतलेत सगळे, गरम पाण्यात. न धुता कापलं तर पुढं आकसतं, रंग सुटतो. ये, दाखवते."

तिने डबा उतरवला. आत हिरव्या छटांचे चौकोन, एकासारखा एक, कडक इस्त्री केलेले, पत्त्यांच्या कॅटसारखे रचलेले होते. इतके बिनचूक कापलेले चौकोन आमच्या मंडळात दुसरे नाहीत, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. रेनेने एक उचलला, नाकाशी नेला. साबणाचा वास आला.

"ठिगळाचा कुठला?"

"ते उसवून टाकलं. जाड होतं फार, आणि टाके वेडेवाकडे."

"बाबांनीच लावलं होतं ते. गेल्या हिवाळ्यात. एका हातानं."

(त्या वर्षी त्या कुटुंबात पुरे झालेले ते एकमेव शिवणकाम.)

अर्डिथने डब्याकडे पाहिले. तिला वाईट वाटले, यात मला शंका नाही. तिला नेहमीच खरोखर वाईट वाटत असे.

"आत्या," रेने म्हणाली, "तू शिवणार आहेस का?"

"अगं म्हणजे काय. एवढं एकदा लावून झालं की..."

रेनेने चौकोन परत ठेवला आणि ती निघून गेली. चौकोन किंचित तिरका राहिला होता. तो अर्डिथने सरळ केला.

उपसमितीच्या वार्षिक अहवालात या प्रकल्पाची प्रगती 'समाधानकारक' अशी नोंदलेली असून, वर्गीकरणाच्या विभागातील पहिल्या क्रमांकाची निळी फीत अर्डिथला एकमताने देण्यात आली. रेने समारंभाला आली नाही. ती हल्ली आत्याकडे येतच नाही, त्यामुळे कामात व्यत्ययही येत नाही.

आता वाचकांविषयी. हे वाचताना आपल्यापैकी पुष्कळांना अर्डिथची कीव आली असेल, थोडा संतापही आला असेल, आणि मधूनच, का कोण जाणे, स्वतः कोणाला तरी कबूल केलेली एखादी गोष्ट डोळ्यांपुढून सरकली असेल. घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्याच्या अपुऱ्या कामाविषयी आस्थेने वाचणे हेही आपल्या कामातले एक पाऊल धरावे, असे नवव्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आपली आजची प्रगती झाली, अभिनंदन. मात्र ज्या माणसाला आपण शब्द दिला आहे त्याची चौकशी इतक्यात करू नये. तो अजून हयात आहे असे कळले, तर आजच कामाला बसावे लागेल.