अक्कांचं पहिलं पान

आमच्या सुमित्राअक्का फोटोंना शिव्या देतात. फोटो कसा आलाय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्याचं नाव वाईट असलं की झालं. "अय्यो, 'फायनल न्यू फायनल टू'! आईबापांनी टाकून दिलं की काय रे तुला?" असं त्या कॉम्प्युटरच्या पडद्याला विचारतात आणि लगेच त्याचं बारसं करतात. साडीचा नंबर, रंग, सगळं लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता.

म्हैसूरच्या अग्रहारात माझं साड्यांचे कॅटलॉग करून देण्याचं ऑफिस आहे. साताऱ्याहून रिकाम्या हातानं आलो आणि घासाघीस करत इथवर पोचलो. आमच्याकडे प्रोग्रॅम फाईलचं नाव वाचून फोटो उचलतो आणि आपोआप पानावर बसवतो. नाव चुकलं की मोरपंखी साडीच्या जागी डाळिंबी छापून मोकळा. एका बड्या रेशीमवाल्याच्या बाबतीत हेच झालं. त्यानंच दोन फोटो एका नावानं पाठवले, प्रोग्रॅमनं जुना उचलला. चूक त्याची, बदनामी माझी, आणि काम गेलं बंगळुरूला! अजूनही त्याच्या दुकानासमोरून जाताना मी मान फिरवतो.

त्यानंतर मी अक्कांना आणलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, मराठी निम्मी कानडी. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यांचं उत्तर एकच. "फोटो राहू दे स्वामी. नाव नीट करून पाठवा, मग बघते." कुरिअरवाला "पार्सल" म्हणत दारात आला तर त्यालाही आधी "हेसरु?" नाव सांगितल्याशिवाय त्याची सुटका नाही. मी भल्याभल्यांना वाकवलंय, पण या बाईंपुढे माझी मात्रा चालत नाही. त्या आल्यापासून एकही साडी दुसरीच्या जागी बसलेली नाही. याला मी चमत्कार म्हणतो.

तक्रार एकच होती. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी अक्का एक चाचणीचं पान छापतात. स्कूटरवर बसून जीभ बाहेर काढलेल्या कुणा माणसाचा धुरकट फोटो, तोही रंगीत. शाई काय झाडाला लागते? मी रोज कुरकुरायचो आणि ते पान टोपलीत टाकायचो.

गेल्या महिन्यात तोच रेशीमवाला परत आला. "बंगळुरूवाल्यांनी घोळ घातला हो, शिंदे. आज चारपर्यंत कॅटलॉग द्या, पुढचं सगळं काम तुमचं." याच दिवसाची मी वाट बघत होतो. पण आदल्या दिवशीच मी स्वस्तात नवा प्रोग्रॅम बसवून घेतला होता, आणि त्यानं चाचणीच्या पानावरच मान टाकली. 'नाव अमान्य.'

मी पडद्यात डोकावलो. स्कूटरवाल्याच्या फाईलचं नाव होतं, 'Akka ha bagh FINAL final (3)..JPG'. जागा, कंस, दोन-दोन टिंबं. अख्ख्या ऑफिसातलं सगळ्यात घाणेरडं नाव, आणि ते अक्कांच्या घरात!

"बदला की नाव!" मी ओरडलो.

"बेडा. नको."

"मग हे पान सोडा, साड्या घ्या."

"सोडायचं नाही. या नावाला पचवतो तो प्रोग्रॅम कुणालाही पचवतो. यालाच शिकवते."

"अक्का, माझी इज्जत पणाला लागलीय! जगाची नावं बदलता, मग याचंच काय सोनं लागलंय?"

अक्कांचे हात थांबले. "माझा धाकटा भाऊ आहे तो. बाबू. येलवालला नवी स्कूटर घेतली, त्याच दिवशी पाठवला हा फोटो. मी फोनवर म्हटलं, हे काय नाव? नीट करून पाठव, मग बघते." त्यांनी चष्मा पुसला. "त्या संध्याकाळीच हुणसूर रस्त्यावर... परत पाठवायला तो राहिलाच नाही. मी उघडला तेव्हा घरात माणसं जमली होती. आता रोज सगळ्यांच्या आधी त्याला बघते. आहे त्याच नावानं."

मी खुर्ची ओढून बसलो. रेशीमवाल्याचे दोन फोन आले, दोन्ही वाजू दिले. अक्का सेटिंगमध्ये एकेक नियम घालत प्रोग्रॅमला शिकवत राहिल्या. बऱ्याच वेळानं प्रिंटर कुरकुरला आणि बाबू जीभ काढत बाहेर आला. मागोमाग रेशीमवाल्याच्या पुतण्यानं पाठवलेले फोटो आले. 'ग्रीन लास्ट', 'ग्रीन लास्ट खरंच', कंस, टिंबं, सगळा उकिरडा. नव्या प्रोग्रॅमनं एकालाही वाट चुकू दिली नाही. जुळी नावं तेवढी अक्कांपुढे आणून ठेवली. त्यांनी मग त्या पुतण्याला फोनवर असं झापलं, की चारच्या आत तो दोनदा सॉरी म्हणाला आणि कॅटलॉग त्याच्या काकांच्या हातात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटरच्या तोंडाशी ते पान पडलं होतं. सवयीनं मी उचललं. अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "शाई जाते, अल्वा? हो ना?"

"जाऊ द्या," मी म्हणालो, आणि पान सुलटं करून त्यांच्या टेबलावर ठेवलं.