परबकाकांचा जावक क्रमांक

माझं पुस्तक निघालं ते परबकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण बोलायला लागलो की मी भरकटतो.

परबकाका घाटकोपरच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. सरकारी कचेरीत, आवक-जावक विभागात, बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. कचेरी सुटली, जावक सुटली नाही. काकूंनी कुणाकडे फणसाची भाजी पाठवली तरी वाटीला जावक क्रमांक पडायचा. वाटी परत आली नाही की आठव्या दिवशी चिठ्ठी: "संदर्भ: आमची वाटी. कृपया त्वरित कळवावे." काकू म्हणायच्या, "लग्नात हार घातल्यार ह्ये माझी सही मागणार होते. भटजींनी दटावल्यानी म्हणान गप बसले."

मी उस्मानाबादकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला. आमच्या घरचं काम विहिरी खणायचं. गावची फार आठवण आली की वहीत लिहीत बसायचो. सुरुंग कसा भरतात, पहिलं पाणी लागलं की बाप त्यात पाय सोडून कसा नुसता बसून राहायचा, असलं काहीबाही. तीन वह्या भरल्या. एका रविवारी काकांनी त्या वाचल्या आणि चष्मा पुसत म्हणाले, "सुदाम, ह्यां छापूक व्हया."

"काका, मी सातवी."

"विहीर खणूक मॅट्रिक लागता काय?"

त्या दिवसापासून ते माझे सल्लागार. त्यांच्या साहेबांच्या दोन पुस्तकांचे प्रस्ताव म्हणे त्यांनीच पाठवले होते. "प्रकाशकाकडे वह्या नाय टाकूच्यो. एक पान प्रस्ताव, अनुक्रमणिका, दोन प्रकरणां. योग्य मार्गे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'महोदय, विषय: विहिरींबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…' मला वाटलं, असंच असतं.

पंधरा दिवसांनी सगळं बाड परत आलं. वर चिठ्ठी: "पाणीपुरवठ्याशी आमचा संबंध नाही. महापालिकेकडे अर्ज करावा."

चाळ आठवडाभर हसली. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय रे सुदाम, नळ कधी येतोय?" मला हसू येईना. काकांना म्हटलं, "आता पुन्हा परत आलं ना, तर वह्या चुलीत घालतो आणि गावी जातो. हे आपलं काम नाही."

काकांनी परत आलेलं बाड पुढ्यात ओढलं. प्रस्तावातला विषय बदलून त्यांनी 'विहिरी खणणाऱ्यांच्या आयुष्यावरील पुस्तक' असा घातला आणि दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवताना उत्तराला पत्ता स्वतःचा दिला. "तू कामार असतस. पोस्टमन कोणाक देतलो?"

मग रोज कामावरून आलो की मी विचारायचो, "काका, काही आलं?"

"विचाराधीन आहे."

गणपती झाले, दिवाळी झाली, शिमगा आला. विचाराधीनच. विचार चाललाय म्हणजे काहीतरी असेल, या आशेवर मी गावी गेलो नाही.

एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काका दारात उभे. हातात पाकीट. "स्वीकृत," म्हणाले, आणि वळून चालायला लागले.

गिरगावात प्रकाशकांना भेटायला गेलो. प्रस्ताव समोर ठेवून ते म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं." बघितलं तर अक्षर काकांचं.

घरी येऊन काकूंना विचारलं. त्यांनी ट्रंक उघडली. आत पाच बाडं. मुडपलेली पानं, एकावर चहाच्या कपाचा गोल. पाच प्रकाशकांची नकाराची पत्रं. काकू म्हणाल्या, "परत इला की ह्ये नवीन प्रत काढूक बसत. म्हणत, परत इलेलो कागद बघताक्षणी वळाखता येता. नव्या माणसाक तो नवोच दिसाक व्हयो." दोन प्रकरणं म्हणजे बेचाळीस पानं. डॉक्टरांनी डोळ्यांना जपा म्हणून बजावलेलं असताना.

काका खिडकीशी बसले होते. म्हटलं, "माझ्यापासून लपवलंत."

"लपवलंय नाय. तुझ्याकडे जावक केलंय नाय."

मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "बत्तीस वर्षां लोकांचे कागद पाठवलंय, सुदाम. पुढे त्यांचा काय झाला, एकाचापण कळाक नाय. ह्येचा कळला."

पुस्तक निघायला पुढे दीड वर्ष गेलं. तोवर काका-काकू खोली सोडून कुडाळला, गावी गेले होते. मी प्रत पाठवली. काकूंचं कार्ड आलं: 'यांना आता छापील अक्षर दिसत नाही. पानांवरून हात फिरवत बसतात.'

अजून माझं जाणं झालेलं नाही. पण आठ दिवसांची रजा काढून मी एकदा कुडाळला जाणार आहे. त्यांच्या शेजारी बसून अख्खं पुस्तक वाचून दाखवीन, त्यांनी थांब म्हटलं तिथं थांबत, परत वाच म्हटलं तर परत वाचत.