आम्ही पत्रकार जोडला

रहिवासी आणि पत्रकार यांच्यात जिव्हाळ्याचे संबंध असल्याखेरीज लोकशाही टिकत नाही, याबद्दल सुज्ञांत दुमत नाही. आमच्या लिपार वस्तीत तर अजिबात नाही. येथे हा ठराव एकमताने मंजूर झाला. (बैठकीनंतर जेवण होते.)

त्यापूर्वी वृत्तपत्रे आमच्याकडे आग लागली किंवा पूर आला तरच फिरकत. 'दीपगृह' साप्ताहिकाच्या (समुद्र आमच्यापासून एक अख्खा देश सोडून आहे) दुन्या प्रोकिच या तरुण वार्ताहर मुलीने एकदा आमच्या कचऱ्यावर लिहिले होते. त्या फोटोत माझ्या शेजारच्या रादिशाचा जुना सोफा स्पष्ट ओळखू आला आणि तो वर्षभर तिचे नाव घेत नव्हता.

पण गरज पडली. नगरसभेने आमचा दवाखाना बंद करून जागा भाड्याने द्यायचे ठरवले होते. दवाखाना म्हणजे एक नर्स, एक बाक आणि सर्वांचे वजन कमी दाखवणारा एक काटा. त्यामुळे तो लोकप्रिय होता. झागोर्का मावशीच्या डाव्या पायाची जखम मात्र खरोखर तिथेच धुतली जाई. शहरातले इस्पितळ दोन बस बदलून आहे, आणि मावशीला एका बसची पायरीही जड जाते.

म्हणून पत्रकार-संबंध समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. राजधानीहून एक प्रशिक्षक आले. ते म्हणाले, "अडचणीपुरतं पत्रकाराला बोलावू नका. आधी ओळख वाढवा. कॉफी प्या." सल्ला उत्तम होता. फक्त आमच्या देशात कॉफीवर थांबलेला माणूस अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

कॉफीमागून राकिया, म्हणजे घरची फळांची दारू आली. राकियामागून स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण. त्याला आमंत्रण द्यायची पद्धत नाही, माणसाने आपणहून यायचे आणि उठता येणार नाही इतके खायचे. दुन्या सगळ्यांच्या स्लावांना आली. सार्माच्या, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याच्या, पाचव्या ताटलीनंतर रादिशाने सोफा माफ केला. वसंतात तर त्याने कमाल केली: नातीच्या बाप्तिस्म्याला दुन्यालाच कुमा म्हणून उभे केले. कुमा मुलासाठी हातात मेणबत्ती धरते आणि त्या क्षणापासून रक्ताच्या नात्यापेक्षा जवळची होते. मग दोन्ही घरे एकमेकांची कुमा, आणि कुमाने कुमाच्या घराबद्दल वाईट बोलायचे नसते. लिहायचे तर नसतेच. समितीच्या वार्षिक उद्दिष्टापेक्षा हे बरेच जास्त होते. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नगरसभेचा निर्णय गुरुवारी होता. बुधवारच्या अंकात बातमी आली तर सभासद कचरतील, असे नगरसभेच्या शिपायाने खासगीत सांगितले होते. दुन्या घरोघर फिरली. चौऱ्याण्णव टक्के रहिवाशांनी दवाखाना हवाच असे ठणकावून सांगितले. (उरलेले झोपले होते.) नाव छापायला तयार असलेल्यांचे प्रमाण झागोर्का मावशी इतके होते.

"लिही गं पोरी," मावशी म्हणाली. "झागोर्का, डावा पाय. फोटो हवा असेल तर पट्टी सोडते."

सोमवारी दुन्या माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अध्यक्षकाका, जागा कोण घेतंय कळलं. नेबोयशा. सट्ट्याचं दुकान टाकतोय."

नेबोयशा हा रादिशाचा मुलगा. म्हणजे जिच्यासाठी दुन्याने मेणबत्ती धरली, त्या मुलीचा बाप.

"मी माझ्या तोंडाने कुमाचं वाईट कसं लिहू?" ती म्हणाली. "पण वस्तीतल्या माणसांनी नावानिशी सांगितलं, तर ते त्यांचं म्हणणं. ते मला छापावंच लागेल. मावशी बोलल्यात, पण त्या एकट्या. लोक म्हणतील, म्हातारीचं काय मनावर घ्यायचं! जोडीला एकच नाव हवंय. तुमचं द्या."

मी विचार केला. (अध्यक्षांचे ते कामच आहे.) रादिशा माझा शेजारी. हिवाळ्याची लाकडे त्याच्याच करवतीवर कापली जातात.

"असं कर," मी म्हणालो, "विश्वसनीय सूत्रांकडून समजते, असं लिही."

"सूत्र कोण?"

"मीच. पण नाव नको."

"आणि मावशीचं?"

"तिला कशाला मध्ये आणतेस? ती तोंडाची फटकळ. एवढ्या कष्टाने जोडलेले संबंध उगाच बिघडायचे."

दुन्याने वही मिटली. कॉफी तिने तशीच ठेवली. समितीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते.

बुधवारचा अंक देखणा निघाला. मधली दोन्ही पाने बाप्तिस्म्याच्या रंगीत फोटोंची होती. दुसऱ्या रांगेत मीही आहे, चांगला आलो आहे. चौथ्या पानावर, तळाशी: 'लिपार येथील दवाखान्याबाबत काही रहिवाशांचे काही म्हणणे असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.' गुरुवारी नगरसभेने ठराव दोन मिनिटांत मंजूर केला.

दुकान छान चालले आहे. शेगडी दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी चांगली. झागोर्का मावशी दिवसाआड शहराच्या बसची वाट बघत तिथेच बसते, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून. नेबोयशा तिला हाकलत नाही, मुलगा संस्कारी आहे. परवा मी आत डोकावलो, तर तिने मला हाक मारली.

"या अध्यक्ष! पट्टी सैल झालीय, जरा हात लावा. घाबरू नका, तुमचं नाव नाही सांगणार कोणाला."

मी वाकून पट्टी बांधली. जखम वाढली होती. मला लाज वाटली, आणि ती समितीत वाटून घेता येण्यासारखी नव्हती.

आमचा अनुभव इतर वस्त्यांना उपयोगी पडावा म्हणून हे लिहिले. तुमच्याकडेही असे एखादे दार बंद होत असेल, आणि ते कोण बंद करतो हे तुम्हाला पक्के ठाऊक असेल. मग सांगा की नाव. त्याचे नव्हे, तुमचे.

राहू द्या. एवढे वाचूनही माझे नाव तुम्ही कुठे विचारलेत!